अभिमनची मूठ

रतिलालशेठच्या चाळीला चाळ म्हणणं हा तिला फुकट दिलेला मोठेपणा होता. धुळ्याच्या सहाव्या गल्लीत एका रांगेत चार खोल्या, पुढे हातभर रुंद ओटा, ओट्याखाली गटार आणि चौघांत मिळून एक नळ. तोही मर्जी असली तर यायचा. पावसाळ्यात पत्रे गळायचे आणि उन्हाळ्यात असे तापायचे, की दुपारी घरात बसण्यापेक्षा बाहेर उन्हात बसलेलं बरं. तरी आज कुणी धुळ्याचं नाव काढलं, की मला एकवीरेचं देऊळ आठवत नाही, पांझरेचा पूल आठवत नाही, ती खोली आठवते. माणसाचं मन काही शहाणं नसतं.

मी पारोळ्याकडची. त्रेचाळीस साली लग्न होऊन त्या खोलीत आले. आमच्या मालकांचं नाव निंबा. आता लिहायला हरकत नाही, तेव्हा ते जिभेवर यायचं नाही. गिरणीत साचेखात्यात होते. उंचीला बेताचे आणि बोलायला महाग. त्यांचे आईबाप, दोन भाऊ, काका, सगळे अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत एका आठवड्यात गेले होते. मामानं वाढवलं. सासू नाही, नणंद नाही, म्हणून माझ्या मैत्रिणी मला नशीबवान म्हणायच्या. पहिल्या महिन्यातच मला कळलं, की भांडायलासुद्धा कुणी नसलेलं घर फार मोठं वाटतं, मग ते दहा हाताचं का असेना.

ते घर भरलं ते शेजारच्या भिकुबाईनं. मी तिला अक्का म्हणायचे. पन्नाशीची विधवा, रंगानं काळी, आवाजानं खणखणीत, आणि दुसऱ्याच्या चुलीत लक्ष घालण्यात तिचा हात धरणारी बाई सहाव्या गल्लीत नव्हती. माझी भाकरी फुटली की ती भिंतीपलीकडून ओळखायची. मी चिडायचे. पण ती पाट्यावरचा मिरचीचा ठेचा आणून ठेवायची, आणि चिडलेल्या माणसाला ठेच्याबरोबर दोन भाकऱ्या जास्त जातात.

तिच्या दाराच्या चौकटीला, वरच्या बाजूला, जुन्या लुगड्याची चिंधी जाड गुंडाळून बांधलेली होती. नजर लागू नये म्हणून असेल, असं मला वाटलं. तसं म्हटलं तेव्हा ती पोट धरून हसली.

"नजर कसानी वं! मना पोऱ्या उंच शे. रोज चौकटवर कपाय आपटे. म्हनीसन बांधी ठेयेल शे."

तो तिचा मुलगा अभिमन. एकुलता एक. नवरा गिरणीत होता, तो गेला. मग मुलगा एक्केचाळीस साली पलटणीत भरती झाला. मी त्याला कधीच पाहिलं नाही. तरी त्याला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आवडत नाही, तो झोपेत दात खातो, आणि लहानपणी एकदा पांझरेच्या पुरात म्हशीची शेपूट धरून पलीकडे गेला होता, हे मला तोंडपाठ झालं होतं. निघताना तो आईला म्हणाला होता, "माय, मी येसू तवलोंग खोली सोडू नको." तिनं हो म्हटलं होतं. एवढंच बोलणं, पण अक्का ते देवाला दिलेल्या शब्दासारखं सांभाळून होती.

त्याचे पैसे दर महिन्याला यायचे. पोस्टमन ओट्यावर बसून पाणी प्यायचा, अक्का अंगठा उठवायची आणि त्या दिवशी साऱ्या चाळीला गुळाचा चहा असायचा. युद्धात आमच्या चाळीत सगळ्यांत सुखाची बाई तीच. मी नवी असताना तिनं मला हिरवं लुगडं घेतलं, तेही त्याच पैशातून. मग चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात कळलं, की अभिमन ब्रह्मदेशात बेपत्ता आहे. मेला असं नाही, सापडला असंही नाही. अक्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठली, चौकटीवरची चिंधी सोडून धुतली आणि वाळवून पुन्हा बांधली. पैसे मात्र येत राहिले, आणि अक्काच्या लेखी तेच मुलाच्या जिवंतपणाचं चिन्ह होतं. सरकार काय वेडं आहे, नसलेल्या माणसाचा पगार द्यायला?

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात ते पैसे बंद झाले. युद्ध संपलं होतं. विचारलं तेव्हा पलटणीच्या कचेरीतून उत्तर आलं ते असं, की लढाईपुरती सवलत होती, ती आता संपली. मुलगा मेला असं आईनं लिहून दिलं आणि चौकशीत ते खरं ठरलं, तर तिला पेन्शन सुरू होईल. नाहीतर काही नाही.

आणि त्याच महिन्यात रतिलालशेठनं भाडं वाढवलं. युद्धानं गिरणीला तिसरी पाळी लागली होती, खेड्यापाड्यांतून माणसं धुळ्यात लोटत होती, आणि एकेका खोलीसाठी शेठच्या पेढीवर दोन-दोन माणसं टोपी हातात घेऊन उभी असायची. गहू रेशनचा, साखर रेशनची, कापड रेशनचं, फक्त भाड्याला रेशन नव्हतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. रतिलालशेठ वाईट माणूस नव्हता, हेच वाईट होतं. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो ओट्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, "भिकुबेन, तुम्ही जुनी माणसं. पण दुप्पट देणारा दारात उभा असेल तर मी त्याला काय सांगू? पोळ्यापर्यंत थांबतो. पोळा झाला की नवं भाडं, नाहीतर खोली."

मी घरातून म्हटलं, "शेठ, पत्रे गळतात त्याचंही भाडं वाढलं का?" तो हसला आणि गेला. आमचंही भाडं वाढलं होतं, पण मालकांना जादा पाळी मिळत होती. आम्ही कसंबसं ओढणार होतो. अक्काला कोण ओढणार?

तिनं शेंगा फोडायला जाणं सुरू केलं, लोकांची दळणं घेतली. पन्नाशीचे हात, किती दळणार? चाळीतला गुळाचा चहा बंद झाला. तिच्या चुलीचा धूर दिवसातून एकदाच दिसू लागला आणि आता मी भिंतीपलीकडून तिचं घर ओळखायला लागले. ठेच्याची वाटी उलट्या दिशेनं जाऊ लागली. ती घ्यायची, पण पूर्वीसारखी माझ्या भाकरीला नावं ठेवायची नाही. ते मला फार लागायचं.

तिचा दीर वना पारोळ्याजवळच्या खेड्यात शेती करायचा. तो आला. साधा माणूस, स्वतःच्याच घरात खाणारी तोंडं रगड. म्हणाला, गावी चल, कोपऱ्यात पडून राहशील. ती म्हणाली, "नि अभिमन उना, दारमा परका मानूस दिसना, ते तो काय समजी? माय मरी गई. पोऱ्या उलटा पायनं जाई." वनानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "वहिनी, कागदवर मरू दे. मनमा जित्ता ऱ्हाऊ दे."

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी तिची गत झाली होती. मुलाची वाट बघायची तर ही खोली हवी. खोली हवी तर भाडं हवं. आणि भाडं हवं तर मुलगा मेला म्हणायचं. मग वाट कुणाची बघायची?

शेवटी ती कबूल झाली. अर्ज गेला. श्रावणात चौकशीला माणूस येणार असं कळलं, आणि अक्का माझ्यापुढे बसून खोटं बोलायला शिकू लागली. मी कचेरीचा माणूस व्हायची. आवाज जाड करून विचारायची, "बाई, तुमचा मुलगा कुठे आहे?" ती म्हणायची, "गया." मी म्हणायची, "गेला म्हणजे कुठे गेला? नीट सांगा." तेव्हा ती पदराशी खेळत बसायची. 'मेला' हा शब्द तिच्या तोंडून कितीतरी दिवस निघाला नाही. आणि ज्या दिवशी निघाला, त्या दिवशी ती उठून आत गेली आणि देवापुढे नाक घासून आली. आम्ही दोघी त्यानंतर एकमेकींकडे न बघता दळण दळत बसलो.

चौकशीला आला तो जीवराम नावाचा कारकून, चोपड्याकडचा. डोक्याला पांढरी टोपी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा, बोलणं हळू. त्यानं ओट्यावर बसून पाणी घेतलं. विचारलं. अक्कानं सांगितलं, "मना पोऱ्या लढाईमा मरी गया." आवाज खणखणीत, डोळे खाली. मी दारात उभी होते. मला वाटलं, झालं.

जीवरामनं दौतीत टाक बुडवला आणि न लिहिता तसाच धरला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आक्का, तुमच्याकडे कानबाई बसते ना?"

"बससे."

"यंदाच्या रोटाला मुठी किती धरणार?"

आता जे खानदेशात जन्मले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला डोळे काढायचे, नथ घालायची, चौरंगावर बसवायची. आणि तिच्या रोटासाठी गहू घ्यायचा तो मुठीनं, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ. बायकांची मूठ नसते. बायका नुसत्या पाखडतात, दळतात, लाटतात आणि रात्री पाय चेपत बसतात, त्याचा हिशेब देवीनंही ठेवलेला नाही. तर मूठ घरातल्या पुरुषाची. गावाला गेलेल्याची असते, तुरुंगात गेलेल्याची असते, भांडून वेगळा राहिलेल्याचीही असते. मेलेल्याची नसते. आणि तो रोट खायचा फक्त भाऊबंदांनी. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, चुकून उरला तरी पुनवेच्या आत घरातच संपवायचा.

अक्काच्या घरात वनाची मूठ, त्याचा मुलगा भटू याची मूठ आणि अभिमनची मूठ. नवरा थोरला असल्यानं कानबाईचा नारळ तिच्याकडे होता. बेपत्ता झाल्याचं कळलं त्यानंतरही तिनं मूठ धरली होती.

ती जीवरामकडे बघत राहिली. शिकवलेलं सगळं तिच्या डोक्यातून गेलं असावं. म्हणाली, "तीन."

वना म्हणजे एक, भटू म्हणजे दोन. तिसरी कुणाची, हे जीवरामनं विचारलंच नाही. त्यानं टाक पुसला.

"मग मी काय लिहू, आक्का?" तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता. "मी गावोगाव हिंडतो. कागदापुढे लोक काय वाटेल ते सांगतात, पोटासाठी सांगावं लागतं. पण कानबाईपुढे खोटं बोललेला माणूस मी आजवर पाहिला नाही. म्हणून मी तेवढंच विचारतो." उठताना तो थांबला. "माझ्या आईच्याही घरी कानबाई बसते. मी देवी उठल्यावर येईन. तेव्हा जे असेल ते सांगा."

मी त्याच्या पाठीमागे चांगलं ऐकवलं. म्हटलं, दहा रुपयांच्या पेन्शनसाठी देवीला मध्ये आणतो, मेल्याची टोपीच तेवढी पांढरी. अक्का मला म्हणाली, "त्याले कसाले बोलस? त्यानं खरं तेच इचारं." आणि ती लोकांचं राहिलेलं दळण घेऊन जात्याशी बसली.

वना शनिवारी भटूला घेऊन आला. गहू आपल्या शेतातला, टपोरा, धोतराच्या सोग्यात बांधून आणलेला. सगळं ऐकून त्यानं एवढंच म्हटलं, "यंदा दोनच धर, वहिनी." आणि तो बाजारात निघून गेला. पुरुषांना अशा वेळी नेमकं बाजारात काम निघतं.

दुपारची वेळ होती. आम्ही दोघी आपापल्या दाराशी ओट्यावर सूप घेऊन बसलो. तिच्या सुपात वनाचा गहू, माझ्या सुपात रेशनचा, तांबूस आणि निम्मा खड्यांचा. आमची कानबाई म्हणजे एका मुठीची. आमच्या मालकांचे सगळे भाऊबंद मानमोडीत गेलेले, मामानं जपून ठेवलेला नारळ तेवढा त्यांच्या हाती आला होता. एका मुठीचा रोट म्हणजे केवढासा? गिरणीतले लोक त्यांना त्यावरून चिडवायचे. ते हसायचे, पण कानबाईच्या दिवशी जेवताना मान वर करायचे नाहीत.

अक्कानं पहिली मूठ धरली. "वना." दुसरी धरली. "भटू." वरची पाव पाव मूठ टाकली. मग हात पुन्हा गव्हात गेला आणि तिथेच राहिला. मी बघत होते. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. तिनं मूठ वर उचलली, पण ती सुपात सोडता येईना आणि ढिगात परतही टाकता येईना. गहू बोटांच्या फटीतून एक-एक गळत होता.

मला रडू यायच्या आधी राग येतो, माझा स्वभावच तसा. मी म्हटलं, "अक्का, ती मूठ इकडे आणा."

"कोठे?"

"माझ्या सुपात. तुमच्या घरात नका धरू. माझ्या घरात धरा. जीवराम तुमच्या घरातलं विचारील, तुम्ही दोन सांगा, खरं सांगा. अभिमनची मूठ माझ्याकडे राहील."

ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. असं कुणी कधी केलेलं नव्हतं. दुसऱ्या कुळाची मूठ आपल्या रोटात घ्यायची म्हणजे तो माणूस आपला भाऊबंद झाला, त्याचं सुतक आपल्याला आणि आपलं त्याला. मी बोलून बसले आणि मग मला आठवलं, की आत मालक आहेत. शनिवारी त्यांची पाळी सुटलेली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते बाहेर आले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओट्यावर बसले, माझ्या सुपातले दोन खडे निवडून गटारात टाकले आणि अक्काला विचारलं, "अभिमन मनापेक्षा मोठा शे का धाकला?"

"धाकला. तीन-चार वरीसनी."

"मंग ते बरं." ते म्हणाले. "माले दोन भाऊ व्हतात. धाकला भाऊ मना आंगवर झोपे."

लग्नाच्या तीन वर्षांत मी पहिल्यांदाच ऐकलं ते. त्यांनी सूप उचललं आणि अक्कापुढे धरलं.

दोन दारांत दोन पावलांचं अंतर. पण अक्का उठली, मूठ छातीशी धरून आमच्या उंबऱ्याशी आली, आणि तिथे थांबून मगच तिनं हात उघडला. टपोरा गहू आमच्या तांबूस गव्हावर पडला. "अभिमन," ती म्हणाली. वरची पाव मूठ मी घातली, रेशनच्या गव्हाची. सख्ख्या आईनं एक मूठ दिली आणि परक्या भावजयीनं पाव. हिशेब बरोबर झाला.

रविवारी दोन्ही घरांत कानबाई बसल्या. दोन्ही घरांत गंगाफळाची भाजी, खीर, पुरण, सगळं रेशनात बसेल तेवढं. तिच्याकडे वना आणि भटू जेवायला बसले. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं, ती वाढत होती, आग्रह करत होती. स्वतः बसली तेव्हा आवाज बंद झाला. त्या घरात त्या वर्षी देवीच्या हिशेबानं अभिमन नव्हता, आणि आईला तो रोट खायचा होता. मला वाटतं, त्या दिवशी तिनं पेन्शनची सगळी किंमत एका घासात दिली.

थोड्या वेळानं मी भिंतीवर थाप मारली. ती आली आणि दाराबाहेर उभी राहिली. दुसऱ्याच्या रोटाच्या वेळी घरात येणं तिला माहीत नव्हतं.

मालक पानावरून उठून दाराशी गेले. खरकटा हात, बुटका जीव, तिच्या खांद्याला येणारा. म्हणाले, "भाऊनी माय ती मनी बी माय. ये."

ती आत आली. आमच्या घरात दोन मुठींचा रोट, तीन पानं. तिनं गंगाफळाची भाजी बाजूला सारली आणि म्हणाली, "त्याले आवडस नही." आणि मग ती पोटभर जेवली. मी त्या दिवशी मालकांना पहिल्यांदा मान वर करून रोट खाताना पाहिलं.

सोमवारी देव्या उठल्या. गल्लीतल्या बायकांनी डोक्यावर चौरंग घेतले, फुगड्या घातल्या, पांझरेत गुडघाभर पाणी होतं. अक्कानं माझ्याबरोबर अशी फुगडी घातली की माझी कंबर दोन दिवस धरली होती.

मंगळवारी जीवराम आला. "आक्का, मुठी किती झाल्या?"

"दोन."

त्यानं लिहिलं. तिचा अंगठा घेतला. तिनं अंगठ्याची शाई पदराला न पुसता ओट्याच्या दगडाला पुसली. मग तो माझ्या दाराशी आला आणि पाणी मागितलं. पिता पिता त्यानं घरात बघितलं. कोपऱ्यात चौरंग होता, टोपलीत उरलेला रोट होता.

"तुमच्या घरात पुरुष किती?"

"एक."

"आणि मुठी?"

एक म्हटलं असतं तर सुटले असते. पण ज्या प्रश्नाला अक्का खोटं बोलली नाही त्याला मी कशी बोलणार? "दोन," मी म्हटलं. "आणि पुढच्या वर्षीही दोन. लिहायचं तर लिहा."

जीवरामनं तांब्या खाली ठेवला, टोपी नीट केली आणि शेजारच्या दाराच्या चौकटीवरच्या चिंधीकडे जरा वेळ बघितलं. "मला चौकशी शेजारच्या घराची आहे," तो म्हणाला. "टोपलीतलं पुनवेच्या आत संपवा." आणि गेला. त्याला मी आदल्या खेपेला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

पेन्शन लागली. पोळ्याला अक्कानं नवं भाडं दिलं आणि खोली राहिली. पण पोस्टमन आला की आता ती ओट्यावर बसायची नाही. आत उभी राहून अंगठा द्यायची आणि पैसे न मोजता मला द्यायची, "शेठले दी ये." त्या पैशांचा चहा तिनं कधी केला नाही. चहा मात्र पुन्हा सुरू झाला, दळणाच्या पैशांतून, आणि माझ्या भाकरीला नावं ठेवणंही. ते वर्ष आमच्या चाळीतलं सगळ्यांत गोड वर्ष. फाल्गुनात मला मुलगा झाला. अक्कानं त्याला पायावर घेऊन न्हाऊ घातलं आणि कानात सांगितलं, तुझा काका आला की तुला म्हशीच्या शेपटीला धरून पोहायला शिकवेल.

सत्तेचाळीस साली अधिक श्रावण होता. स्वराज्य आधी आलं, कानबाई मागून आली. गल्लीत झेंडे लागले, साखर वाटली गेली, रतिलालशेठनंही पेढे वाटले. आणि रोटाला आमच्या घरात तीन मुठी झाल्या. मालकांनी तिन्ही नावं स्वतः मोठ्यानं घेतली, चाळीत सगळ्यांना ऐकू जातील अशी.

पेढे वाटल्यावर महिन्याच्या आत शेठनं पुन्हा भाडं वाढवलं. पेन्शन जेमतेम त्याच्या निम्म्याला पुरत होती. मी भांडायला पेढीवर निघाले तर अक्कानं हात धरला.

"ऱ्हाऊ दे. मी गावले जास, वनाकडे."

मला खरंच वाटेना. ज्या खोलीसाठी तिनं एवढं केलं, ती अशी सोडायची? मी म्हटलं, "आणि त्याला दिलेला शब्द?"

ती हसली. "वेडी शे का तू? आते दारमा परकं मानूस कोठे दिसी? त्यानी भावजाई दिसी. त्याना भाऊ दिसी." ती उठली, पाटावर चढली आणि आपल्या चौकटीवरची चिंधी सोडली. आमच्या दाराच्या चौकटीला वर गुंडाळून बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मी म्हटलं, "अहो अक्का, आमच्या घरात सगळे बुटके." ती म्हणाली, "एक उंच शे."

वनाची बैलगाडी आली तेव्हा तिचं सामान गाडीच्या एका कोपऱ्यात मावलं. जाता जाता मला म्हणाली, कानबाईला येईन, रोट खायला, आणि भाकरी जरा पातळ थापत जा.

तिच्या खोलीत दुप्पट भाडं देणारा कुणी मुकादम आला. त्याच्या बायकोशी माझं पहिल्याच दिवशी नळावर वाजलं. मग शेठ आमच्या दाराशी आला. आमचंही भाडं वाढलं होतं. मी हिशेब घातला. जादा पाळी आता बंद झाली होती, घरात लेकरू होतं. देवपुरात नदीपलीकडे निम्म्या भाड्याला चांगली खोली होती, पत्रेही न गळणारी. मी बघून आले, घरवाल्या बाईशी बोलून आले. संध्याकाळी मालक जेवायला बसले तेव्हा मी सगळं नीट समजावलं. जुनी खोली, गळके पत्रे, गटाराचा वास, महाग भाडं. मी म्हटलं, "या पहिल्या तारखेला उठू या. आपलं काय अडलंय इथे?"

त्यांनी घास खाल्ला. पाणी प्याले. दाराकडे बघितलं.

"नि तो उना ते?" ते म्हणाले.

तो आला तर काय, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. ते जेवून उठले, जादा पाळी कुठे मिळते का ते विचारायला बाहेर पडले. चौकटीवरची चिंधी एका बाजूनं सैल झाली होती. मी पाट ठेवून वर चढले, ती घट्ट बांधली, आणि मूल काखेला मारून भाडं द्यायला रतिलालशेठच्या पेढीवर गेले.